मशिने थांबल्यावरचा आवाज

आमच्या कारखान्यात मोठ्याने बोलण्याला कोणी राग समजत नाही. चौदा शिलाई मशिने एका छताखाली चालू असली, की शेजारच्या बाईकडे दोरा मागायचा तरी घसा ताणावा लागतो. मी तेथे पस्तीस वर्षे बोलत आले आहे. शाळांचे गणवेश शिवणे हा आमचा धंदा. कॉलर, खिसा, काज, बटण, आणि पुन्हा कॉलर. "खिसा वाकडा गेलाय, उसवा!" हे वाक्य मी जितक्या वेळा उच्चारले असेन, तितक्या वेळा माणूस स्वतःचे नावही उच्चारत नसेल. घरीही माझा आवाज तोच राहिला. जेवायला बसा, दिवे घालवा, पाय पुसून आत या, हे सगळे मी पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेताने सांगते. कोणाला त्याचे वाईट वाटल्याचे मला आठवत नाही. वाटले असल्यास माझ्यापुढे ते कोणी बोलून दाखवले नाही.

माझा आणखी एक आवाज होता, आणि त्याचा मला अभिमान होता.

या धंद्यात वर्षातून दोनतीनदा कोणाच्या तरी बोटातून सुई आरपार जाते. कापड पुढे सरकवताना नजर क्षणभर हलते, पाय मात्र थांबत नाही. अशा वेळी बाई किंचाळते आणि हात मागे ओढू पाहते. हात ओढला तर सुई आत मोडते. म्हणून माझा नियम ठरलेला होता. प्रथम मेन स्विच बंद करायचा. चौदाही मशिने एकदम गप्प होत. मग मी त्या बाईजवळ जाऊन बसत असे, तिचे मनगट माझ्या डाव्या हातात घट्ट धरत असे, आणि झोपेतल्या मुलावर पांघरूण घालावे तशा आवाजात म्हणत असे, "काही नाही, बाळा. काही झालेलं नाही. माझ्याकडे बघ." ती माझ्याकडे बघे, आणि तेवढ्यात मी उजव्या हाताने मशीनचे चाक फिरवून सुई वर घेत असे. पस्तीस वर्षांत एकाही बाईच्या बोटात सुई मोडली नाही. पट्टी बांधायला दवाखान्यात पाठवण्यापूर्वी मी तिला गोड चहा पाजत असे, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत असे.

माझी नात सहा वर्षांची आहे. कारखान्यातल्या बायका तिला गुंडी म्हणतात, कारण रांगायला लागल्यापासून ती बटणांच्या डब्यापाशीच सापडायची. तिचे खरे नाव शाळेच्या हजेरीपुरते उरले आहे. तिची आई ऑफिसात, बाप तयार माल पोचवायला बाहेर, त्यामुळे शाळा सुटल्यावर ती कटिंगच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगात बसलेली असते. मशिनांच्या घरघराटात ती गाढ झोपते. जेवणाच्या सुट्टीत मशिने थांबली, की जागी होते.

या वर्षाच्या सुरुवातीला तिच्या उजव्या कानातून पू येऊ लागला. आम्ही तिघेही, मी, माझा मुलगा आणि सूनबाई, तिला घेऊन कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी कान तपासला आणि स्पष्ट शब्दांत सांगितले, की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात मळ साचतो आहे. दर गुरुवारी मोठ्या भिंगातून पाहत तो बारीक नळीने ओढून काढावा लागेल, निदान बारा आठवडे.

"फारसं दुखत नाही," त्या म्हणाल्या, "पण आवाज मोठा येतो आणि जरा गरगरतं. पोरीनं डोकं हलवायचं नाही, एवढंच. मात्र साफ झालं नाही तर आतली नाजूक हाडं झिजतात. मग त्या कानाला काही ऐकू यायचं नाही."

माझ्या मुलाने नकळत स्वतःच्या डाव्या कानाला हात लावला. तो कान त्याच्या लहानपणीच गेला आहे, आणि याच दुखण्याने गेला आहे. डॉक्टरीणबाईंना ते ठाऊक नव्हते, आणि आमच्यापैकी कोणी त्यांना सांगितलेही नाही.

पहिल्या गुरुवारी सूनबाई गुंडीला घेऊन आत गेली. मी बाहेर बाकावर बसले. आतून गुंडीचे रडणे ऐकू आले, मग नळीचा सूंऽ आवाज, मग पुन्हा रडणे. दार उघडले, तेव्हा गुंडीपेक्षा सूनबाईचेच डोळे अधिक सुजलेले होते.

"अर्धं झालं, आई," ती नाक पुसत म्हणाली. "बाकीचं पुढच्या वेळी करू म्हणाल्या."

"आईच अशी गळायला लागली तर पोरीनं काय करायचं?" मी म्हणाले. त्या खोलीत नऊ-दहा माणसे बसली होती, तरी मी आवाज कमी केला नाही. "तुझं बघूनच ती घाबरते. पुढच्या गुरुवारपासून मी येणार. तू आपली ऑफिसला जा."

सूनबाई सहसा उलट बोलत नाही; ती रडते. कांदा चिरताना रडते, मालिका बघताना रडते, मैत्रिणीची बदली झाली म्हणून रडते आणि बदली रद्द झाली म्हणूनही रडते. ती लग्न होऊन आली त्याच आठवड्यात मी ओळखले होते, की या घरात कणखरपणाचा सगळा भार माझ्याच खांद्यावर राहणार. तो भार मी आनंदाने उचलला होता, हेही खरे.

दुसऱ्या गुरुवारी मी गुंडीला खुर्चीत बसवले. रस्ताभर ती चिमणीसारखी बडबडत आली होती आणि मी तिला रस्ताभर रागावत आले होते. मोजे खाली घसरतात म्हणून, चिखलात पाय घालते म्हणून. खुर्चीत बसल्यावर मात्र मी तिचे मनगट धरले आणि माझा ठेवणीतला आवाज काढला.

"काही नाही, बाळा. काही होणार नाही. माझ्याकडे बघ."

गुंडीने माझ्याकडे पाहिले आणि ती अशी किंचाळली, की सिस्टरच्या हातातला ट्रे खाली पडला. डॉक्टरीणबाईंनी अजून तिला हातही लावला नव्हता.

तिसऱ्या गुरुवारी तिला चादरीत गुंडाळले. दोन सिस्टर आणि दवाखान्यातली एक मावशी अशा तिघींनी तिला धरले. ती जितकी ओरडे, तितका मी माझा आवाज मऊ करत नेई. मी आवाज जितका मऊ करी, तितकी ती चादरीतून वर उसळे. शेवटी तिने माझ्या अंगठ्याला चावा घेतला. डॉक्टरीणबाईंनी नळी खाली ठेवली आणि हातमोजे काढले.

"हे असं चालणार नाही," त्या म्हणाल्या. "एकदा जरी डोकं हललं आणि नळी पडद्यात घुसली, तर मी स्वतःला माफ करणार नाही. पुढच्या गुरुवारी शेवटचा प्रयत्न करू. नाहीतर पूर्ण भूल देऊन ऑपरेशन करावं लागेल, आणि त्यानंतर कान राहील असं मी तुम्हाला आज सांगू शकत नाही." मग त्यांनी विचारले, "तिच्यासोबत दुसरं कोणी येऊ शकेल का?"

"दुसरं म्हणजे?"

"म्हणजे... तिची आई?"

"आईनंच तर तिला घाबरवून ठेवलंय," मी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी बोलण्यासाठी तोंड उघडले, माझ्याकडे पाहिले, आणि मिटले. माझ्यासमोर बहुतेकांचे असेच होते. त्या दिवशी तरी त्यांनी ते मिटायला नको होते, असे आज वाटते.

घरी आल्यावर मी चावलेला अंगठा सूनबाईपुढे धरला. "बघ," मी म्हणाले. "तुझ्या पहिल्या गुरुवारची ही फळं." तिने मुकाट्याने कापूस आणि औषध आणले, माझा अंगठा पुसला, पट्टी बांधली. तिचे अश्रू त्या पट्टीवरच पडले आणि ती पुन्हा बांधावी लागली. मी तिला त्यावरूनही बोलले.

पुढच्या मंगळवारी, दुपारी चारच्या सुमारास, कारखान्यात कॉलरवाली ओरडली. तिच्या तर्जनीतून सुई गेली होती. मी जागची उठले, मेन स्विच खाली ओढला. मशिने थांबली. मी तिच्याजवळ बसले, मनगट धरले, म्हणाले, "काही नाही, बाळा. काही झालेलं नाही. माझ्याकडे बघ," आणि चाक फिरवले. सुई वर आली. सगळे मिळून अर्धा मिनिटही लागले नसेल. आपल्या हाताला अजून थरथर नाही, याचे समाधान मानत मी मागे वळले, आणि कटिंगच्या टेबलाखाली मला गुंडी दिसली.

तिचे तोंड उघडे होते, पण त्यातून आवाज निघत नव्हता. खांदे कानांपर्यंत चढले होते. उजव्या हाताने तिने स्वतःचेच डावे मनगट आवळून धरले होते. डॉक्टरांच्या खुर्चीत जो चेहरा मी दोनदा पाहिला होता, तोच हा चेहरा. आणि येथे ना डॉक्टर होते, ना खुर्ची, ना नळी.

"काय गं, तुला काय झालं?" मी विचारले. मशिने अजून बंद होती, म्हणून माझा आवाज हळूच निघाला. ती आणखी मागे, भिंतीपर्यंत सरकली.

"रक्त आलं ना?" तिने विचारले.

"तुला तिथून काय दिसलं?"

"दिसलं नाही. तू हळू बोललीस."

"मग?"

"तू हळू बोललीस की रक्त येतं." शाळेत शिकवलेला पाढा म्हणावा, तसे तिने सांगितले. "डॉक्टरांकडे पण तू हळूच बोललीस. दोन्ही वेळेला."

"आणि आई? ती नाही का हळू बोलली?"

"आई नेहमीसारखीच बोलली," गुंडी म्हणाली. "रडत रडत."

माझ्या मागे कटिंगमास्तर खाकरले. हे गृहस्थ माझ्या पतीच्या वेळेपासून आमच्याकडे कापड कापतात, आणि वर्षाकाठी मोजकीच वाक्ये बोलतात.

"मास्तर, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"छे, छे, बाई. मी आपला या कापडाला म्हणत होतो."

"कापडाला कशाला, मी सांगते," काजवाली म्हणाली. ती बावीस वर्षे आमच्याकडे काज करते आणि जगात कोणाला भीत नाही. "बाई, तुम्ही ओरडलात ना, की आम्ही निवांत असतो. म्हणजे कुठेतरी खिसाच वाकडा गेलाय, दुसरं काही नाही. पण तुम्ही 'बाळा' म्हणालात, की आमचे हातपाय गार पडतात. माझ्या बोटात सुई गेली होती, आठवतंय? मला सुई एवढी लागली नव्हती हो! पण तुम्ही जवळ येऊन बसलात, 'बाळा' म्हणालात, म्हटलं झालं, बोट गेलं आपलं!"

बायका हसल्या. कॉलरवाली बोट वर धरून बसली होती, तीही हसली. "मलाही अगदी तस्संच वाटलं," ती म्हणाली. "मी म्हटलं, घरी निरोप पाठवतात की काय आता."

"तमाशा आहे का इथे?" मी ओरडले. "मशिनं चालू करा! तू आधी पट्टी बांधून ये जा. आणि त्या निळ्या शर्टांचे खिसे कोणी लावलेत? उतारावर लावलेत का?"

मेन स्विच वर गेला, घरघराट सुरू झाला, आणि माझ्या डोळ्यांदेखत गुंडीचे खांदे खाली आले. तिने मनगट सोडले. ती चिंध्यांमध्ये हात घालून पुन्हा काहीतरी शोधू लागली. मी ते पाहिले. पाहिले नसते तर बरे झाले असते, असेही एक क्षण मनात आले.

माझ्या मुलाविषयी येथे सांगितले पाहिजे. तो सात वर्षांचा असताना त्याचे वडील पोटदुखीची तक्रार घेऊन स्वतःच्या पायांनी चालत हॉस्पिटलात गेले, आणि पुन्हा आले नाहीत. कारखाना माझ्या हाती आला. त्यानंतर आठ महिन्यांनी मुलाचा कान वाहू लागला, आणि मी त्याला डॉक्टरांकडे नेले. फिनेलचा वास नाकात शिरताच मला त्याच्या वडिलांची हॉस्पिटलातली खाट दिसू लागली होती. परंतु मी ते कोणाला कळू दिले नाही, असे मी समजत होते. खुर्चीत बसल्यावर मुलाने लाथा झाडल्या, डॉक्टरांचा चष्मा उडवला. दोनदा नेले, दोनदा तेच झाले. तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले, की याला पट्ट्यांनी बांधावे लागेल. माझे मूल मी जनावरासारखे बांधू देणार नाही, असे सुनावून मी त्याला खांद्यावर टाकले आणि मान ताठ ठेवून घरी परतले. वाटेत मी त्याला 'भित्रा' म्हणाले. ते नाव त्याला पुढे बरीच वर्षे चिकटले. कान मात्र दोन वर्षांत गेला.

मंगळवारी संध्याकाळी जेवणे झाल्यावर तो नेहमीप्रमाणे भिंतीकडेच्या खुर्चीवर बसला होता. तेथून त्याचा उजवा कान आम्हा सर्वांकडे राहतो. सूनबाई गुंडीचा गृहपाठ घेत आतल्या खोलीत होती.

"तुला लहानपणी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, ते आठवतं का रे?" मी विचारले.

त्याने पाण्याचा पेला हातात फिरवला. "आठवतं की."

"काय आठवतं?"

"तू दारापर्यंत मला रागावत होतीस. बूट घासत चालतो म्हणून. मग आत गेल्यावर माझं मनगट धरलंस आणि 'बाळा' म्हणालीस."

"मग? त्यात एवढं काय होतं?"

"बाबा गेले, ते तू मला ज्या आवाजात सांगितलंस ना, तोच आवाज होता," तो म्हणाला. "आणि मनगटही तसंच धरलेलं. मला वाटलं, आता माझी पाळी."

किती गठ्ठे कोणत्या शाळेत पोचवले, हे तो मला रोज सांगतो, त्याच सुरात त्याने हे सांगितले. त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती, तर मला उत्तर देता आले असते.

"चौतीस वर्षांत हे मला एकदाही सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस, आई. आणि तू भित्रा म्हणायचीस, ते काही खोटं नव्हतं. भ्यालो होतोच ना मी." मग पेला खाली ठेवून तो म्हणाला, "तुझा हात थरथरत होता. एवढा घट्ट धरला होतास, तरी थरथरत होता."

मला त्या रात्री झोप लागली की नाही, हे सांगण्याचे कारण नाही. बुधवारी सकाळी सूनबाई दूध तापवत होती, तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले.

"उद्या तू जा तिच्याबरोबर," मी म्हणाले.

तिचा हात थांबला. "मी? पण आई, मला रडू येतं. मी खूप प्रयत्न करते, पण थांबवताच येत नाही."

"थांबवायला कोणी सांगितलंय? रड. पोटभर रड. घड्याळाची टिकटिक असते, तसं तुझं रडणं आहे तिला. बंद पडलं तरच दचकेल ती."

सूनबाईला रडू आले, आणि मग हसू आले, आणि मग पुन्हा रडू आले. यानंतर आणखी एक वाक्य मला बोलायचे होते. पहिल्या गुरुवारी तिच्या रडण्यासकट अर्धा कान साफ झाला होता, आणि नंतरचे दोन गुरुवार मी वाया घालवले. दोष तिचा नव्हता, माझा होता. ते वाक्य मी रात्रभर जुळवून आणले होते. तिने डोळे पुसून माझ्याकडे अशा काही आशेने पाहिले, की ते बोलणे अगदी सोपे होते.

"दूध उतू जातंय," मी म्हणाले.

गुरुवारी आम्ही चौघेही गेलो. मुलाने मुद्दाम कामातून सुट्टी घेतली होती. बाहेरची खोली भरलेली होती. गुंडीला हाक आली. तिने चपला भिरकावल्या, आईचा हात धरला आणि दारापर्यंत गेली. तेथे ती थांबली आणि तिने वळून माझ्याकडे पाहिले.

त्याच क्षणी तो आवाज माझ्या घशात तयार झाला. मी तो काढला नव्हता. तो आपणहून आला. 'काही नाही, बाळा.' आयुष्यभर मी ज्याला माझे कसब समजत होते, ती माझी भीती होती, आणि ती कधीच माझ्या ताब्यात नव्हती. मी ते शब्द गिळले. ते सुईसारखे टोचत खाली गेले.

"चपला!" मी गरजले. "ही काय चपला काढायची पद्धत झाली? आधी सरळ ठेव त्या! आणि आत डोकं हलवलंस तर याद राख, बटणांचा डबा कुलपात ठेवीन!"

एका आजोबांनी वर्तमानपत्र खाली घेतले. एका बाईने आपले मूल जवळ ओढले. गुंडी मात्र परत आली, तिने दोन्ही चपला भिंतीशी जोडून ठेवल्या, "ठेवल्याऽ!" असे माझ्याच पट्टीत सांगितले आणि आत गेली. दार लागले.

मी बाकावर मुलाशेजारी बसले. एरवी मी नेहमी त्याच्या उजव्या बाजूला बसते. त्या दिवशी मी मुद्दाम डाव्या बाजूला बसले. आतून आधी सूनबाईचे हुंदके आले, मग नळीचा आवाज. मग गुंडीचे रडणे सुरू झाले. ते साधे रडणे होते, गुडघा खरचटलेल्या मुलाचे असते तसे. मधून मधून डॉक्टरीणबाईंचे "शाब्बास, अशीच राहा, झालंच बघ" ऐकू येत होते. किंकाळी आली नाही. मी तिची वाट पाहत होते, आणि ती आली नाही.

एका खोलीच्या अंतरावर बसण्याइतकेच माझे काम होते. चौतीस वर्षांपूर्वीही कदाचित एवढेच होते. मी दारातून बाहेर गेले असते, मास्तरांना किंवा शेजारच्या एखाद्या रडूबाईला त्याच्याबरोबर आत पाठवले असते, तर माझा मुलगा आज कोणत्याही खुर्चीवर बसू शकला असता.

मी समोरच्या भिंतीकडे पाहत, त्याच्या त्या बंद कानाशी, म्हणाले, "चुकलं माझं. तुझ्या वेळीही आणि हिच्या वेळीही. भित्री मी होते."

त्याला ते ऐकू जाऊ नये, अशीच माझी व्यवस्था होती. पण माझे ओठ हललेले त्याला दिसले असावेत, कारण तो झटकन वळला. पिकू लागलेल्या दाढीच्या त्या एकेचाळीस वर्षांच्या माणसाचे खांदे वर चढले. त्याच्या उजव्या हाताने त्याचे डावे मनगट आवळून धरले.

"काय झालं?" तो अर्धवट उठत म्हणाला. त्याची नजर दारावर होती. "आत काही झालं का? आई, तू हळू का बोलतेस?"

मी त्याच्याकडे पाहिले. मग दुसरा काही उपायच उरला नाही.

"काही झालेलं नाही!" मी चौदा मशिनांवरून बोलावे तशी बोलले. "खाली बस! चुकलं माझं, असं म्हणत होते! तुला आयुष्यभर भित्रा म्हटलं, ते चुकलं! भित्री मी होते! कळलं?"

दार किलकिले झाले आणि सिस्टरने डोके बाहेर काढले. "आजी, जरा हळू बोला ना, आत काम चाललंय." तिच्या मागून, नळीच्या सूंऽ आवाजातून, गुंडीचे शब्द आले, "ती माझी आजी आहे. ती अशीच बोलते." मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोकं नाही हलवायचं, राणी," आणि दार पुन्हा लागले.

माझा मुलगा हळूहळू खाली बसला. त्याने मनगट सोडले. त्यावर त्याच्याच बोटांचे वळ उमटले होते.

"ऐकलं, आई," तो म्हणाला. "आख्ख्या इमारतीनं ऐकलं." मग बाकावरची पलीकडची जागा त्याने हाताने झटकली. "इकडे ये ना. उजवीकडे बस."

मी उठले आणि त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. यानंतर आम्ही दोघेही काही बोललो नाही. बोलण्यासारखे पुष्कळ होते. पण ते सगळे हळू बोलायचे होते, आणि त्याच्याशी हळू बोलण्याची सोय मीच घालवून बसले होते.